स्टील मॅगझिन की प्लास्टिक: कोणतं किती टिकेल हे स्वतः कसं तपासायचं

रायफलला गोळ्या पुरवणारं मॅगझिन स्टीलचं घेऊ की प्लास्टिकचं, असं विचारलं की उत्तर लगेच येतं, लोखंड ते लोखंड, किंवा आता जमाना पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकचा आहे. पण उत्तर देणाऱ्याने स्वतःच्या मॅगझिनचे फीड लिप्स, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, शेवटचे कधी नीट बघितले ते विचारा, बहुतेकांना आठवत नाही. मी बरीच वर्षं दोन्ही वापरतोय, साफ करतोय, काही फेकूनही दिलीत, आणि माझं मत असं झालंय की दोन्ही बिघडतात, त्यामुळे कोणतं कसं बिघडतं आणि ते बिघडलंय हे तुम्हाला वेळेत कळतं का, एवढंच बघायचं. स्टील वाकतं आणि वाकलेलंच राहतं, वरून मात्र ठणठणीत दिसतं. चांगलं प्लास्टिक दबतं, परत जागेवर येतं, आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी तडकतं, तो तडा डोळ्याला दिसतो, फक्त बघायला पाहिजे.

आधी एक गोष्ट, आणि ही वगळू नका. खाली जे पाडायचे आपटायचे प्रकार सांगतोय ते सगळे डमी राउंड, म्हणजे दारू नसलेल्या नकली गोळ्या, घालून करायचे, खऱ्या गोळ्या त्या खोलीतसुद्धा नकोत. रायफल रिकामी आहे, चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) रिकामं आहे, हे डोळ्याने बघा आणि बोट घालूनही बघा. स्प्रिंग काढताना डोळ्यावर चष्मा लावा कारण बेस प्लेट, म्हणजे मॅगझिनचा तळ, सरकवली की स्प्रिंग उडून तोंडावर येते, हे पहिल्यांदा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं होतं. आणि किती राउंडचं मॅगझिन बाळगता येतं याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते विकत घ्यायच्या आधी बघून घ्या.

मॅगझिन खरंच स्टीलचं आहे का

हे विचित्र वाटेल पण पहिलं काम हेच. चुंबक लावा. अमेरिकन एआर किंवा एम१६ जातीच्या रायफलचं करड्या रंगाचं जे मॅगझिन लोक "स्टीलचं" म्हणून दाखवतात ते बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियमची गोष्टच वेगळी. एम१६ चं मूळ मॅगझिन हलकं आणि वापरून फेकण्यासारखं असावं अशाच विचाराने बनवलं होतं, वर्षानुवर्षं टिकावं म्हणून नाही, त्यामुळे त्याचे लिप्स वाकले, मागच्या कोपऱ्यात चीर गेली, की लोक "मेटल मॅगझिन टिकत नाहीत" म्हणतात आणि त्यात बिचाऱ्या स्टीलची काही चूक नसते. चुंबक चिकटलं तर स्टील, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम, आणि त्या ॲल्युमिनियमवरून स्टीलबद्दल मत बनवू नका.

प्लास्टिकमध्येसुद्धा प्लास्टिक एकच नसतं. आजचं चांगलं मॅगझिन म्हणजे काचेचे बारीक तंतू मिसळलेलं नायलॉन. सोव्हिएत काळातलं ते केशरी-तपकिरी एके (एके-४७ जातीच्या रायफलचं) मॅगझिन, ज्याला सगळे बेकेलाइट म्हणतात, ते काचतंतू आणि फिनॉल रेझिनचं दाबून बनवलेलं मिश्रण आहे, आणि ७.६२ मिलिमीटरच्या त्या मॅगझिनच्या लिप्समध्ये आणि लगमध्ये, म्हणजे रायफलमध्ये अडकणाऱ्या दातामध्ये, स्टील बसवलेलं असतं. पारदर्शक मॅगझिन अजून निराळं, ऑस्ट्रियाने १९७७ मध्ये घेतलेली स्टायर ऑग किंवा जर्मन जी३६ या रायफलींची मॅगझिन अशी आरपार दिसणारी. आणि काही मिश्र असतात, जसं लान्सर कंपनीचं एल५, अंग पॉलिमरचं पण लिप्स स्टीलचे. मॅगपुल कंपनीच्या एके मॅगझिनमध्येच बघा, स्वस्तातलं एमओई आहे ते सगळं पॉलिमर आणि जेन एम३ मध्ये लॉकिंग लगना स्टीलचा आधार दिलाय, दोन्ही दुरून सारखीच दिसतात. म्हणून घेताना "पॉलिमर आहे ना" एवढं विचारून थांबू नका, लिप्समध्ये आणि लगमध्ये काय आहे ते विचारा.

वजन, कारण त्याचा टिकण्याशी संबंध आहे

आता काट्यावर ठेवा. एके-४७ चं अगदी सुरुवातीचं गुळगुळीत बाजूंचं स्टील मॅगझिन रिकामं साधारण ४३० ग्रॅम, नंतर रिब, म्हणजे पत्र्यात उठवलेल्या पट्ट्या, असलेलं आलं ते ३३० ग्रॅमच्या आसपास, आणि स्टीलचा आधार दिलेलं आजचं पॉलिमर साधारण २५० ग्रॅम. लोकांना वाटतं जड म्हणजे मजबूत. पण ४३० वरून ३३० वर येताना मॅगझिन कमजोर झालं नाही, पत्र्याला रिबा दिल्या की कमी पत्र्यात तेवढाच ताठपणा मिळतो.

आणि जडपणाचा तोटा पडताना कळतो. ७.६२ बाय ३९ मिलिमीटरचा एक राउंड (एक गोळी) साधारण १६ ते १७ ग्रॅम, ३० राउंड म्हणजे अर्धा किलो धरा. म्हणजे भरलेलं रिब स्टील मॅगझिन ८३० ग्रॅम आणि भरलेलं पॉलिमर ७५० ग्रॅम. दोन्ही एक मीटरवरून पडली तर स्टीलवाल्याला साधारण ८.१ ज्यूलचा दणका बसतो, पॉलिमरला ७.४ चा. फरक फार मोठा नाही, पण बघा की दोन्हीत जास्त वजन गोळ्यांचंच आहे, म्हणजे मॅगझिनला खरी मार बसते ती भरलेलं असताना. रिकामं मॅगझिन जमिनीवर फेकून "बघा काही झालं नाही" असं दाखवणाऱ्या चाचणीला म्हणूनच काही अर्थ नाही. ब्रिटिश सैन्य एसए८० रायफलसाठी स्टीलकडून पॉलिमरकडे वळलं त्यात वजन हे मोठं कारण होतं, माणसाने सहा सात मॅगझिन अंगावर घेतली की प्रत्येकातले शंभर ग्रॅम मोजावेच लागतात.

फीड लिप्स, सगळा खेळ इथे आहे

लिप्स म्हणजे वरच्या त्या दोन आत वळलेल्या कडा ज्या वरच्या राउंडला धरून ठेवतात. बोल्ट, म्हणजे राउंड चेंबरमध्ये ढकलणारा भाग, पुढे येताना राउंड कोणत्या कोनात आणि कोणत्या क्षणी सुटणार ते याच कडा ठरवतात. अंगाला पोचा पडला तर एखादवेळी चालून जातं, लिप्स थोडे फाकले तर नाही चालत, दोन राउंड एकदम वर येतात किंवा राउंडचं नाक वर उचललं जाऊन अडकतं.

नवीन मॅगझिन आणलं की व्हर्निअर कॅलिपरने लिप्समधली फट तीन ठिकाणी मोजा, पुढे, मध्ये, मागे. मॅगझिनवर पेंट मार्करने नंबर टाका आणि वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या कोणाचे आकडे शोधत बसू नका, कारण प्रत्येक बनावटीचा लिप्सचा आकार थोडा वेगळा असतो, तुमच्या मॅगझिनचा नवा असतानाचा आकडा हाच तुमचा मापदंड. मग दर काही महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या आपटीनंतर परत मोजा. रिकामं असताना एकदा आणि डमी राउंडने पूर्ण भरून एकदा, कारण प्लास्टिकचे लिप्स भरल्यावर किंचित उघडतात आणि रिकामं केल्यावर मिटतात, ते मिटले नाहीत तर काळजी.

इथे प्लास्टिकची खरी दुखरी जागा आहे. प्लास्टिकवर सतत दाब राहिला तर ते हळूहळू सरकतं, याला क्रीप म्हणतात, आणि उष्णतेत हे जास्त वेगाने होतं. भरून ठेवलेल्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग खालून सतत ढकलत असते, तो सगळा दाब लिप्सवर. मॅगपुलचं पीमॅग हे पॉलिमर मॅगझिन २००७ मध्ये आलं तेव्हा त्याच्याबरोबर एक झाकण यायचं, ते दाबून बसवलं की वरचा राउंड थोडा खाली जातो आणि लिप्सवरचा भार निघतो. मला ती कल्पना तेव्हाही आवडली होती आणि आजही भरून ठेवायच्या पॉलिमर मॅगझिनला झाकण असेल तर मी लावतोच, धूळही जात नाही. साधं स्वस्त प्लास्टिक, काचतंतू कमी किंवा नाहीतच, असं मॅगझिन भरून उन्हाळाभर ठेवून दिलं तर फट वाढलेली कॅलिपरवर स्वच्छ दिसते.

स्टीलला रोजच्या तापमानात हा क्रीपचा त्रास नाही. स्टील मॅगझिन भरून वर्षं ठेवा, लिप्स जागेवर. पण ते लिप्सवर आपटलं तर वाकतं, आणि पक्कडीने परत सरळ केलं तरी तो धातू एकदा थकलेला असतो. मी पक्कडीने सरळ केलेलं मॅगझिन फक्त सरावासाठी ठेवतो, वर लाल पट्टी मारून. प्लास्टिकला लिप्सच्या मुळाशी केसासारखी चीर दिसली तर विचार करत बसू नका, फेका. नायलॉनला साधा गोंद धरत नाही आणि धरला तरी त्या जागी तुम्ही भरवसा ठेवू शकत नाही.

स्प्रिंगचा गैरसमज

स्प्रिंग दोन्हीत स्टीलचीच असते, म्हणजे "प्लास्टिकच्या मॅगझिनची स्प्रिंग लवकर जाते" याला काही अर्थ नाही. आणि भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते असंही नाही, चांगली स्प्रिंग पहिल्या काही वेळा दाबल्यावर थोडी बसते आणि मग तिथेच स्थिर राहते, तिला थकवतं ते वारंवार दाबणं-सोडणं. म्हणजे जे मॅगझिन दर आठवड्याला रेंजवर जातं त्याची स्प्रिंग आधी जाणार, कपाटात भरून ठेवलेल्याची नाही. तपासायचं तर नवीन स्प्रिंग शेजारी उभी करून लांबी बघा. आणि शेवटचे दोन तीन राउंड नीट वर येत नाहीत किंवा बोल्ट शेवटच्या राउंडनंतर उघडा राहत नाही (ज्या रायफलमध्ये राहायला पाहिजे तिथे), ही दमलेल्या स्प्रिंगची खूण. स्प्रिंग बदलणं स्वस्त असतं, त्यासाठी आख्खं मॅगझिन फेकायची गरज नाही.

पाडून बघायचं

दोन मॅगझिनची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच कॅलिबरची, दोन्ही डमीने पूर्ण भरलेली, एकाच उंचीवरून, एकाच काँक्रीटवर. कंबरेएवढी उंची पुरे, साधारण एक मीटर. तीन दिशांनी पाडा, लिप्सवर, मागच्या पाठीच्या कण्यावर, आणि बेस प्लेटच्या कोपऱ्यावर. प्रत्येक वेळी पाडल्यावर लगेच मोजा आणि टॉर्चने बघा, पाच वेळा पाडून शेवटी एकदाच बघितलं तर कोणत्या आपटीने काय झालं ते कळणार नाही. ही चाचणी केलेलं मॅगझिन नंतर भरवशाच्या कामाला वापरायचं नाही, ते बळी गेलं असं धरा.

साधारण काय दिसतं तर लिप्सवर पडलं की दोन तीन डमी बाहेर उडतात, स्टीलच्या एका लिपला किंचित वळण येतं जे डोळ्याने दिसत नाही पण कॅलिपरवर दिसतं, आणि चांगल्या पॉलिमरला फक्त पांढरट खरचटा. कोपऱ्यावर पडलं की उलट होतं, स्टीलचा कोपरा थोडा दबतो आणि बेस प्लेट सरकवायला जड जाते, तर प्लास्टिकची बेस प्लेट किंवा ती धरणारी खाच उडू शकते आणि मग स्प्रिंग, फॉलोअर (स्प्रिंगवर बसून राउंड वर ढकलणारा तुकडा), राउंड सगळं जमिनीवर. हा प्लास्टिकचा सगळ्यात वाईट प्रकार, कारण मॅगझिन एका क्षणात शून्य होतं.

पाठीवर किंवा बाजूवर पडलं तर स्टीलला पोचा. आणि या पोच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. बाहेरून नखाएवढा पोचा दिसतो आणि माणूस सोडून देतो. एकदा माझ्या रायफलमध्ये मधूनच फीड अडकायचं, मी एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढून काढणारी आकडी) बघितला, चेंबर घासलं, गोळ्या बदलल्या, तीन वेळा रेंजवर गेलो, आणि शेवटी मॅगझिन उघडून रिकाम्या अंगात फॉलोअर हाताने वर खाली सरकवला तेव्हा तो अर्ध्यात एका जागी किंचित अडखळला, आतून बघितलं तर त्याच छोट्या पोच्याचा फुगवटा. तेव्हापासून स्प्रिंग काढून फॉलोअर हाताने सरकवून बघणं हे मी प्रत्येक स्टील मॅगझिनला करतो, दहा सेकंदांचं काम आहे. मॅगझिन उलटं केल्यावर मोकळा फॉलोअर स्वतःच्या वजनाने सर्रकन खाली आला पाहिजे. प्लास्टिकला असा पोचा राहत नाही, इथे प्लास्टिक सरळ जिंकतं.

थंडी, ऊन, पाणी, औषधं

थंडीत प्लास्टिक कडक आणि ठिसूळ होतं. १९९९ च्या कारगिल युद्धात इन्सास रायफलच्या पारदर्शक मॅगझिनला थंडीत तडे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या, त्या आपल्याकडे अजून लोक विसरलेले नाहीत, आणि त्यावरून "प्लास्टिक नकोच" असा निष्कर्ष निघाला. त्या तक्रारी एका ठरावीक मॅगझिनच्या होत्या, सगळ्या पॉलिमरच्या नव्हत्या, पण धडा खरा आहे, कडक थंडीत जाणार असाल तर आधी तपासा. फ्रीजरमध्ये साधारण उणे १८ असतं, डमीने भरलेलं मॅगझिन रात्रभर ठेवा, सकाळी बाहेर काढून लगेच पाडा. उणे १८ ला जे तडकतं ते उणे ३० ला नेऊ नका.

नायलॉनची एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते, ते हवेतली ओल शोषतं आणि ओल शोषलेलं नायलॉन जास्त चिवट होतं, कोरडं ठणठणीत नायलॉन जास्त ठिसूळ. त्यामुळे अतिशय कोरड्या थंडीत त्याला दुहेरी मार बसतो.

ऊन दोन प्रकारे लागतं. बंद गाडीत ६० अंशांवर सहज जातं, तिथे क्रीप वाढतो, म्हणून भरलेलं प्लास्टिक मॅगझिन डॅशबोर्डवर टाकून ठेवू नका. आणि अतिनील किरणांनी प्लास्टिक वर्षांच्या हिशोबाने कमजोर होतं, काळ्या रंगातला कार्बन ब्लॅक याला चांगला आडवा येतो, पारदर्शक आणि फिकट रंग कमी टिकतात.

औषधं म्हणजे मुख्यतः डासांचं. डीट असलेलं औषध काही प्लास्टिकना, विशेषतः पॉलिकार्बोनेटसारख्या पारदर्शक प्लास्टिकना, अक्षरशः खातं, पृष्ठभाग चिकट होतो आणि मग बारीक जाळीसारखे तडे. हाताला लावून लगेच पारदर्शक मॅगझिन किंवा खिडकीवालं मॅगझिन धरू नका. तसंच ब्रेक क्लीनर, ॲसिटोन, थिनर, यांनी प्लास्टिक मॅगझिन कधीच पुसू नका, साबण आणि कोमट पाणी बास, नीट वाळवून मग स्प्रिंग घाला.

पाण्याचं उलट आहे, इथे स्टील मार खातं. दमट किंवा खाऱ्या हवेत स्टील मॅगझिनचा बाहेरचा रंग शाबूत आणि आतून फॉलोअर घासून गेलेल्या पट्ट्यांवर गंज, हे मी इतक्या वेळा बघितलंय की दमट भागात राहणाऱ्याला मी बिनधास्त पॉलिमर सांगतो. स्टीलच ठेवायचं असेल तर आतून तेलाच्या फडक्याने पुसून परत कोरड्या फडक्याने पुसा, नुसता पातळ थर राहिला पाहिजे. तेल ओतू नका, ते धूळ आणि वाळू धरून ठेवतं आणि राउंडच्या प्रायमरमध्येही झिरपू शकतं. प्लास्टिकला आतून तेल नकोच, आतली स्प्रिंग साधी स्टीलची असेल तर तेवढी पुसा.

खाच, लग आणि बसणं

रायफलचा कॅच, म्हणजे मॅगझिन धरणारी कळ, स्टीलचा, मॅगझिनची खाच प्लास्टिकची, त्यामुळे घासणार खाचच. हजारो वेळा लावून काढून खाचेची कड गोल झाली का ते बघा, मॅगझिन लावल्यावर वर-खाली हलवून किती खेळतं ते नवीन मॅगझिनशी ताडून बघा. एकेमध्ये मॅगझिन पुढचा लग अडकवून मागे फिरवून बसतं, म्हणजे सगळा जोर एका छोट्या लगवर, आणि घाईत वाकडं घातलं तर लगला पिळ बसतो. म्हणूनच एकेसाठी मी स्टील किंवा स्टील-लगवालंच घेतो, यात मला अजिबात दुमत वाटत नाही. एआरमध्ये सरळ आत जातं, तिथे ती अडचण नाही, पण मॅगवेल, म्हणजे मॅगझिन शिरतं ती पोकळी, मुळात पातळ पत्र्याच्या मॅगझिनसाठी आखलेली असल्याने प्लास्टिकची भिंत हवी तेवढी जाड करता येत नाही, तरीही अमेरिकन मरीन कोरने डिसेंबर २०१६ मध्ये पीमॅग जेन एम३ ला मान्यता दिली, म्हणजे तेवढ्या जागेतही जमवता येतं. भरल्यावर प्लास्टिकचं अंग किंचित फुगतं, म्हणून बटण दाबल्यावर मॅगझिन भरलेलंसुद्धा आपोआप खाली पडतं का ते बघा, ओढून काढावं लागत असेल तर ते मॅगझिन तुमच्या रायफलला बरोबर नाही.

शेवटचा निकाल रेंजवर

हे सगळं झालं की मग रेंजवर, खऱ्या गोळ्या, तिथले नियम पाळून. न आपटलेली, चाचणीत बळी न दिलेली मॅगझिन न्या. वहीत मॅगझिन नंबर, किती राउंड, काय अडकलं. एकच रायफल आणि एकच गोळी ठेवून फक्त मॅगझिन बदला. अडकणं एका नंबरच्या मागे मागे फिरत असेल तर दोष मॅगझिनचा, सगळ्यात सारखं होत असेल तर रायफलचा किंवा गोळीचा. ज्या मॅगझिनने दोनदा तोच त्रास दिला त्यावर लाल पट्टी, तिसरी संधी मी देत नाही.

घ्यायचं काय, तर माझं असं आहे. एके असेल आणि हवा कोरडी असेल तर रिबवालं स्टील, जुनं असलं तरी चालेल, फक्त फॉलोअर सरकवून बघून घ्या. एआर जातीची असेल तर नामांकित कंपनीचं काचतंतूवालं पॉलिमर, आणि भरून ठेवणार असाल तर झाकण. दमट किंवा समुद्राजवळची हवा असेल तर पॉलिमर, कोणतीही रायफल असो, एकेला स्टील-लगवालं. वर्षानुवर्षं भरून गरम जागी पडून राहणार असेल तर स्टील. आणि कुठे कसं ठेवलं होतं ते माहीत नसलेलं जुनं प्लास्टिक मॅगझिन कितीही स्वस्त मिळालं तरी आधी लिप्सच्या मुळाशी टॉर्च मारा, हलकं दाबून चीर उघडते का बघा, आणि मगच पैसे काढा.